विहिरीतली रांग

अण्णा, तो पाइप लेकीसाठी दोन हात पलीकडे सोडला असतात तर तुमच्या टँकरचं काय जाणार होतं? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला हे विचारायचंच आहे. परवा एक साहेब घरी आले होते. क्रांती चौकाजवळच्या भिंतीवर ‘पाणी वाचवा’ असं चित्र काढून द्या, शहर सुंदर दिसलं पाहिजे, म्हणे. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही आणि भिंती सुंदर! तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना वाटेला लावलं आणि तुमची आठवण आली.

वस्तीमागची ती पायऱ्यांची विहीर. भोवतालचं शेत गेलं, प्लॉट पडले, आणि दुष्काळात ती कोरडी ठाक झाली. आम्हाला गावात कुणी स्टेज देत नव्हतं, कारण कारखान्याला पाणी आणि वस्तीला धूळ, हे आमच्या नाटकात सरळ म्हटलं होतं. म्हणून आम्ही विहिरीत उतरलो. बजाजनगरची पोरं कारखान्यातली शिफ्ट सुटली की येत, तळाशी तालमी करत, कविता ओरडत. लोक पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसत. भिंतीवर मी कोळसा, गेरू आणि कपड्यांची नीळ घेऊन हंडेवाल्या बायांची रांग काढली होती. सगळ्यांत पुढे आई. तुम्ही एकदा येऊन बघून गेलात. “तुझ्या मायचं नाक चुकलं,” एवढंच म्हणालात. मी दोन दिवस खपून नाक सुधारलं.

आणि नाटकाच्याच दिवशी, भर दुपारी, तुम्ही टँकर काठाला लावता. मी धावत येते.

“अण्णा, थांबा! आज नाटक हाय!”

“सायबाचा हुकूम हाय, हितंच टाकायचं. लोकं तहानलेत अन् तुला भिंतीची पडली व्हय?”

“मग पाइप तरी तिकडं घ्या!”

“पाइप जातो तिथंच जातो.”

धार थेट आईच्या तोंडावर. खरी आई काठावर हंडा घेऊन उभी होती, तिनं चित्राकडं पाहिलंसुद्धा नाही. नाटक झालं नाही, पोरं पांगली ती पांगलीच. हुकूम तुम्हाला आदल्या दिवशीच मिळाला होता, हे मला नंतर कळलं. आदल्या संध्याकाळी माझ्याशेजारी बसून भाकरी खाल्लीत आणि त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. लोकांना पाणी हवं, एवढं मला कळत नव्हतं का? सांगितलं असतंत तर त्याच रात्री नाटक केलं असतं. पाणी ओतल्याचा राग नाही, अण्णा. न सांगितल्याचा आहे, आणि तो अजून तसाच आहे.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? पण एक लिहून ठेवते. त्या पाण्याला मी हात लावला नाही, असं आजवर सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. पहिली बादली मीच सोडली. पाणी निळसर झालं होतं, वर कोळशाची काजळी. फडक्यानं गाळून तांब्या तुमच्यापुढं ठेवला. तुम्ही घटाघटा प्यालात, आणखी मागितलंत, आणि मी पुन्हा विहिरीवर गेले.