चार नंबरची सुई

३ फेब्रुवारी, मंगळवार

धुरपताबाई वाचल्या. आधी एवढं लिहून ठेवते.

दुपारची ड्यूटी. मी पोचले तेव्हा दवाखान्यासमोर हिंगोलीची जीप हॉर्न मारत उभी होती. ही गेली की दुसरी केव्हा भरेल देव जाणे. म्हणून आमच्याकडे रीतच पडलीय, सकाळपाळीच्या सिस्टरने दुपारची इंजेक्शनं भरून, वर चिकटपट्टीवर कॉटचा नंबर टाकून ट्रेमध्ये ठेवायची आणि जीप गाठायची. येणारीने नुसती द्यायची. मी लागले तेव्हापासून हेच चाललंय, मीपण हेच करते.

रेखाताई पर्स काखोटीला मारून पळता पळता म्हणाल्या, "चार नंबरचं भरून ठेवलंय गं, देऊन टाक." गेले. चार नंबरवर धुरपताबाई, मेंढरंवाल्यांच्या घरची म्हातारी. "चार नंबर ना मावशी?" "व्हय माय." दिलं.

ट्रे ठेवून वळते तोच मावशी अंग खाजवायला लागल्या. मग तोंड सुजलं, श्वास लागला. डॉक्टरसाहेब धावत आले, अ‍ॅड्रिनॅलिन, ऑक्सिजन. जरा सावरल्यावर अँब्युलन्सने हिंगोलीला.

मग डॉ.सा.नी केसपेपर उघडला. "हिला अँटिबायोटिक लिहिलंच नव्हतं. जुलाबाची पेशंट आहे ही. पूड कालवून देतात त्या सुईनं अंगावर पित्त उठतं, असं हिनं दाखल होतानाच सांगितलंय. कुणाचं इंजेक्शन कुणाला दिलंत तुम्ही?"

मी म्हटलं पट्टीवर चार होतं. सिरिंज शोधायला गेलो तर कचऱ्याची गाडी येऊन गेलेली.

४ फेब्रु., बुध

झोप नाही. एकच गोष्ट डोक्यात. पट्टीवर चार होतं, मी डोळ्यांनी बघितलंय, आणि चारवर धुरपताबाईच होत्या. म्हणजे आकडा लिहितानाच चुकला. म्हणजे रेखाताई.

पण टोचलं मी. कॉलेजात आमच्या मॅडम टेबल आपटून सांगायच्या, भरणारी कोणीही असो, ज्या हाताने टोचलं तो हात जबाबदार. तेव्हा आम्ही हसायचो.

ताईंना फोन केला. उचलला नाही. परत केला, बिझी. कुणाशी बोलत होत्या?

संध्याकाळी
डॉ.सा.नी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, चहा मागवला. एवढ्या वर्षांत पाणी विचारलं नाही या माणसाने. "चौकशी लागलीय. रेखा सिस्टरशी या विषयावर बोलू नका. आणि भरून ठेवण्याचं जबाबात काढू नका, सगळेच अडकतील. रिअ‍ॅक्शन काय, कोणालाही येते." चहा गोड होता, बोलणं त्याहून गोड. ताईंनाही असाच चहा पाजला असणार. त्यांना काय सांगितलं असेल माझ्याबद्दल?

५ फेब्रु., गुरु

काल रात्रीच ह्यांना सगळं सांगितलं होतं. आज हळद मार्केटमधून आले ते डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. आंघोळीलाही गेले नाहीत, तसेच बसून राहिले. मार्केटमध्ये एक वकील ओळखीचे आहेत, त्यांना विचारून आले होते म्हणे. "ते म्हणले, जी आधी बोलते ती सुटते. तू ताईचं नाव घेऊन मोकळी हो. त्या परमनंट हायत, त्यांचं काय वाकडं होनार? तुझं कंत्राट मार्चला संपून राहिलं."

खरं आहे. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर कंत्राट तर जाईलच, कौन्सिलची नोंदणीही जाईल. मग कुठलाच दवाखाना दारात उभं करणार नाही. वरून पोलिसाची भीती आहेच. पोरगी पहिलीत.

७ फेब्रु., शनि

आज ताई आणि मी समोरासमोर. आता कोणी काही भरून ठेवत नाही. जीप हॉर्न मारून मारून निघून गेली तरी ताई हलल्या नाहीत, एकेक पेशंट दाखवून चार्ज दिला. अक्कल आली सगळ्यांना, बैल गेला नि झोपा केला.

जाताना एकदम म्हणाल्या, "तुला पट्टीवर चारच दिसलं व्हतं ना गं?"

"हो," म्हटलं. तेवढंच. हा प्रश्न का? त्यांचा मोबाइल हातात होता, पालथा धरलेला. रेकॉर्ड करत होत्या की काय? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

९ फेब्रु., सोम

धुरपताबाईंचा मुलगा मारोती आला. बरोबर पांढऱ्या कपड्यातला एक पुढारी. वऱ्हांड्यात आवाज चढवला.

"माही माय मरता मरता वाचली. कोन सुई देल्ली ते सांगा, न्हाईतं आमी पोलिसात चाललो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉ.सा. केबिनमधून बाहेरच आले नाहीत. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी दिली, पण नंबर टाकून भरून ठेवली होती रेखा सिस्टरनी. मला काय माहीत आत कुणाचं होतं?"

बोलले आणि हलकं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरंच वाटलं. पुढाऱ्याने ताईंचं नाव दोनदा विचारून घेतलं.

१० फेब्रु., मंगळ

ताईंच्या कानावर गेलंय. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. हे गप्प राहणंच मला खुपतं, आतून काहीतरी शिजवत असणार.

१२ फेब्रु., गुरु

सुट्टी होती, हिंगोलीला जाऊन धुरपताबाईंना बघून आले. ह्यांनी नको म्हटलं होतं. खरं कारण, मारोती पोलिसात गेला का ते काढून घ्यायचं होतं. तो औषधं आणायला गेला होता, मावशी एकट्याच. तोंडाची सूज उतरलीय. मला ओळखलं, हात धरून बसवलं. "तुमी पळापळ केली म्हून वाचले माय."

मग आपल्याच नादात बोलत राहिल्या. इथे करमत नाही, खिडकी नाही, घरी शेरडांकडे कोण बघतंय.

"तुमच्या तिथं बरं व्हतं. पयले दारापाशी व्हते तं शेरडं दिसत न्हवते. मारोत्यानं लिंबाखाली बांधले व्हते, त्याचा काय भरोसा, मोबाइलात मुंडकं घालून बसते. मंग त्या पायवाल्या पोरीला म्हनलं, तू इकडं ये बाई, म्या खिडकीत जाते."

"कधी?"

"जेवल्यावर. त्या मोठ्या बाई गेल्या न् तुमी आल्या, त्याच्या जराशी आंगुदर."

"मी चार नंबर विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात."

"व्हय. पोरगी म्हनली ना, ह्या खाटंचा नंबर चार हाय म्हून."

म्हणजे दारापाशी सहा नंबरवर धुरपताबाई, खिडकीत चारवर पायात पू झालेली ती पोरगी. अँटिबायोटिक तिचं. ताईंनी भरलं बरोबर, आकडा बरोबर. मधल्या वेळात दोघींनी कॉट बदलल्या आणि मी कॉटला सुई दिली, माणसाला नाही. "नाव काय मावशी?" एवढं विचारलं असतं, उशाचा केसपेपर उचलला असता तर...

ती पोरगी ड्रेसिंग करून घरी गेली. सुई चुकली म्हणून कोण तक्रार करतंय. केसपेपरवर कॉटचा नंबर आमच्याकडे कोणी टाकत नाही. डॉ.सा.नी आम्हा दोघींना बोलू दिलं नाही, नाहीतर पहिल्याच दिवशी उलगडलं असतं. म्हणजे हे आता फक्त मला माहीत. मावशींना सांगूनही कळलेलं नाही आपण काय सांगितलं ते.

केळी ठेवून आले. जिना उतरताना लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

१३ फेब्रु., शुक्र

ह्यांना सांगितलं. ताट बाजूला सारलं. "कोनाला म्हनू नको. झालं ते झालं." मग थोड्या वेळाने, "म्हातारी अजून कोनाला बोलली असंल का?"

दिवसभर मीपण तोच विचार करत होते. मारोतीला बोलली असेल का? तिथल्या सिस्टरला? म्हणजे आता धुरपताबाईंवरही संशय. मीच वाचवलेल्या बाईवर! कुठे येऊन पोचले मी.

१४ फेब्रु., शनि

ताईंना नवा चष्मा. चार्ज देताना प्रत्येक पट्टी डोळ्यांपाशी नेऊन बघत होत्या, पुन्हा बघत होत्या. सफाईवाल्या मावशींना विचारताना ऐकलं, "माझी नजर इतकी गेली असंल का गं? मला तं चारच लिहिल्यासारखं आठवते."

मी ड्रेसिंगरूममध्ये जाऊन उभी राहिले. बाहेर येऊन ताईंना सांगायला तोंड उघडलं होतं. डॉ.सा. समोरून आले, मी ट्रे उचलून वॉर्डात गेले.

आता कळतंय, त्या दिवशी पट्टीचं विचारलं ते मला पकडायला नव्हतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

१६ फेब्रु., सोम. हिंगोली

चौकशी समितीच्या ऑफिसबाहेर बाकावर बसून लिहितेय.

डॉ.सा. आधी आत जाऊन आले. हसत निघाले, माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले, "ठरल्याप्रमाणे." मग ताई.

बराच वेळ लागला. बाहेर आल्या, चष्मा काढून पदराने पुसला, माझ्याजवळ बसल्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

"सांगून टाकलं म्या," म्हणाल्या. "भरून ठेवायची रीत सांगितली. अन् आकडा माझ्याच हातून चुकला असंल म्हनून सांगितलं."

पहिला विचार काय आला ते लिहिते, लपवून काय करू. यात यांचा काय डाव असेल?

"ताई, तुम्हाला आठवतंय का तसं?"

"नाही गं. पन दुसरं कसं व्हईल? तू तं डोळ्यांनी चार बघितलं. तू कशाला खोटं बोलशील?" मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "मला रिटायर व्हायला आता किती राहिले. तुझं अजून सगळं व्हायचंय."

मी तोंडाकडे बघत राहिले. डाव कुठेच नव्हता.

डॉ.सा. पोर्चमध्ये गाडीपाशी थांबलेत, इकडेच बघतायत. ह्यांचा फोन दोनदा वाजून गेला.

शिपायाने माझं नाव पुकारलं. ताई म्हणतायत, "जा, भिऊ नको. मी हाय इथं."