फागण्याच्या अलीकडे

१ डिसेंबर १९९१, रविवार
निर्णय झाला. सव्वीस जानेवारीला धुळ्यात शर्यत आहे. धुळे ते फागणे आणि परत, वीस किलोमीटर. तिथल्या एका व्यायामशाळेने ठेवली आहे. वयाची अट नाही. मी पळणार.
वय त्रेचाळीस. पण दिसत नाही. (प्रमिलाचं मत वेगळं आहे. बायकोचं मत धरायचं नसतं.)
अभिमनभाऊ उन्हाळ्यात गेला. माझा सख्खा मोठा भाऊ. धुळ्याच्या बस स्टँडवर उभ्या-उभ्या कोसळला. हार्ट. वडीलही तसेच गेले होते, म्हणून सगळे म्हणतात की हे घराण्यातच आहे. घराण्यात काही नसतं. भाऊ हलायचाच नाही, एवढं साधं आहे. मी वर्षातून एकदा धुळ्याला जायचो, दरवेळी खुर्चीत बसलेला दिसायचा. पान, गप्पा, जेवण, परत पान. दहाव्याला मी हे चारचौघांत सांगितलं. द्रौपदावहिनी काही बोलल्या नाहीत. म्हणजे पटलं असणार.
उद्यापासून पहाटे उठणे. इथे जळगावात मेहरूण तलावाला फेरी.

२ डिसेंबर
उठलो. फार थंडी. शरीराला पहिल्याच दिवशी धक्का देऊ नये. झोपलो.

५ डिसेंबर
पळालो! तलावापर्यंत. म्हणजे तलाव दिसेपर्यंत. बरोबर धनसिंग होता. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. कॉलेजात असताना पळायचा म्हणे. तो पुढे निघून गेला, मग परत आला आणि मी कुठे अडकलो ते विचारलं. मी बोरं घेत होतो. मेहरूणची बोरं सीझनला नाही खायची तर कधी? शिवाय बोरात व्हिटॅमिन असतं.
धनसिंग म्हणाला, "कौतिक, तुझे ओठ निळे का दिसतायत?"
थंडी. त्याला खान्देशची थंडी माहीत नाही असं नाही, पण लोकांना बोलायला काहीतरी लागतं.

११ डिसेंबर
आज निम्मा तलाव. स्पीड उत्तम. छातीत मध्येच जरा जड झालं. रात्रीची शेवभाजी. आजपासून शेवभाजी बंद.

१२ डिसेंबर
शेवभाजी केलीच होती. अन्न वाया घालवू नये.

१८ डिसेंबर
प्रमिलाने डॉक्टरकडे नेलं. अक्षरशः नेलं, रिक्षात बसवून. मी तिला म्हणालो, स्पर्धकाला डॉक्टरचं सर्टिफिकेट असलेलं बरंच.
डॉक्टरांनी ब्लडप्रेशर घेतलं. मग पुन्हा घेतलं. म्हणाले, "कार्डिओग्राम काढून घ्या. तोपर्यंत पळणं बंद. वडील किती वर्षांचे होऊन गेले?"
मी सांगितलं, साठीच्या आत.
"आणि भाऊ?"
मी म्हणालो, भावाची केस वेगळी आहे, त्याला व्यायाम नव्हता. डॉक्टर लिहीत राहिले. त्यांचं स्वतःचं पोट टेबलाला टेकतं. असा माणूस पळणं बंद सांगणारच.
कार्डिओग्राम शर्यतीनंतर काढू. तेव्हा जास्त चांगला येईल.
येताना प्रमिलाने डॉक्टरांची चिठ्ठी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. सर्टिफिकेट मागायचं राहिलं.

२९ डिसेंबर, रविवार
आसोद्याला मळ्यात भरीत पार्टी. सबंध ऑफिस. वांगी कापसाच्या काट्यांवर भाजलेली, वर कच्चं तेल, कळण्याची पुरी. मी मोजकंच खाल्लं. आग्रहाखातर पुन्हा मोजकंच खाल्लं.
साहेबांना शर्यतीचं सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धनसिंग सोडून. त्याला जेलसी असू शकते.

१ जानेवारी १९९२
संकल्प: रोज पूर्ण फेरी. चहा एकच. दुपारची डुलकी बंद. रागावणे बंद.

४ जानेवारी
धनसिंग उद्यापासून येणार नाही म्हणाला. कारण विचारलं तर म्हणाला, "तू पडलास तर तुझ्या घरी काय सांगू?" मी रागावलो. संकल्पाबाहेरचं रागावणं होतं, धरायचं नाही.
एकट्याने पळणं उत्तम. लक्ष विचलित होत नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. प्रमिलाने तिळगूळ दिला आणि "गोड बोला" म्हणायच्या ऐवजी म्हणाली, "अहो, नका ना जाऊ." सणासुदीला डोळ्यांत पाणी. मी समजावलं, की बाई गं, भाऊ बसून राहिला म्हणून गेला, मी पळतोय. सरळ हिशेब आहे. तिने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.
दुपारी डावा खांदा फार दुखला. गच्चीवर शेजारच्यांचा पतंग धरला होता, त्याने.

२५ जानेवारी, धुळे
एस.टी.ने आलो. पारोळ्याला गाडी बराच वेळ थांबली, केळी घेतली. पळणाऱ्याला केळं लागतं. फागण्यावरून येताना खिडकीतून रस्ता नीट पाहून घेतला. सपाट आहे. काही नाही त्यात.
वहिनींकडे उतरलो. भाऊची खुर्ची ओट्यावरच आहे. मी तिच्यात बसलो नाही. बसायचं नाही, हेच तर आहे.
वहिनींना सांगितलं, की ही शर्यत मी भाऊसाठी पळतोय. त्या म्हणाल्या, "जेवी ल्या भाऊ." जेवलो.

२६ जानेवारी, दुपार, वहिनींच्या घरी
क्रमाने लिहितो.
झेंडावंदन झाल्यावर सोडलं. कॉलेजची पोरं सुटली ती दिसेनाशीच झाली. मी मुद्दाम मागे राहिलो, पुढे दम ठेवायचा म्हणून. पारोळा रोडच्या नाक्यावर वहिनी शेजारणींबरोबर तांब्या घेऊन उभ्या होत्या. मी हात वर केला. घोटभर पाणी घेतलं, थांबलो नाही. तिथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे.
मग धोतर नेसलेले एक पेन्शनर मास्तर मला गाठून पुढे गेले. जाताना म्हणाले, "सावकाश हं." कापसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. एका गाडीच्या बरोबरीने बराच वेळ पळालो. नंतर तीही पुढे गेली.
फागणे दिसत होतं. देवळाचा कळस दिसत होता. छातीवर कोणीतरी गुडघा ठेवून बसल्यासारखं झालं. घाम आला, थंडगार. रस्त्याकडेच्या निंबाखाली बसलो. दोनच मिनिटं बसायचं ठरवलं होतं.
उठता येईना.
तेव्हा भाऊ आठवला. स्टँडवरचा. त्यालाही असंच झालं असेल का? आजूबाजूला माणसं होती का? कोणाला हाक मारली असेल?
व्यायामशाळेची मॅटॅडोर आली. त्यांनी आत घेतलं. आत केळ्यांची सालं आणि पाय मुरगळलेला एक पोरगा. नाक्यावर वहिनी अजून उभ्या होत्या. मी मान खाली घातली.
घरी वहिनींनी गरम पाणी दिलं, पाठीला उशी दिली. दुखणं उतरलं होतं. उतरल्याबरोबर मला बोलावंसं वाटलं. मी म्हणालो, "वहिनी, मी निदान इथवर तरी पळालो. भाऊने नुसती चालायची सवय ठेवली असती ना..."
वहिनी स्टोव्हजवळ होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, त्या रोज चालाले जायेत."
भाऊ? रोज चालायला? मला वाटलं, चुकीचं ऐकलं.
"मामंजी गयात तवयपासून. रोज पहाटले, नकाण्या तलावलगून. थंडी ना, पानी ना. एक दिन खाडा नही. त्या दिनले बी चालीसन वनथात. चहा पिनात आनि स्टँडवर गयात."
म्हणजे गेला त्या सकाळीही तो चालून आला होता. मी विचारलं, मग दहाव्याला का नाही बोललात?
"तुमले तेवढाच धीर ये, म्हनीसन गप ऱ्हायनू."
आणि त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला.
दाराआड कॅनव्हासचे बूट आहेत. वहिनींनी अजून हलवलेले नाहीत. टाचा बाहेरच्या बाजूने झिजलेल्या, अगदी आतला पांढरा थर दिसेपर्यंत. भाऊ लहानपणापासून पाय तसाच टाकायचा. मी गेलो की तो खुर्चीत बसायचा, कारण मी आलेला असायचो.

२७ जानेवारी, जळगाव
ऑफिस. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, कितवा नंबर? वाटेत बसमध्ये उत्तर तयार केलं होतं, पायात गोळा आल्याचं. तोंडातून ते निघालं नाही. पूर्ण झाली नाही, एवढंच म्हणालो. हसतील वाटलं. कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट.
धनसिंगने माझ्या फायली स्वतःच्या टेबलावर ओढून घेतल्या.

२९ जानेवारी
कार्डिओग्राम काढला. डॉक्टरांनी प्रमिलालाही आत बोलावलं. खराबी आहे. नाशिकला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं. जिना चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही. मी विचारलं, चाललं तर चालेल? म्हणाले, घरातल्या घरात.
मी त्यांना सांगितलं, की भाऊ रोज चालायचा. का सांगितलं, माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, "चालले म्हणून तेवढी वर्षं मिळाली असतील." असतील. त्यांनाही नक्की माहीत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
घरीच. ऊन अंगणात आलं तसं प्रमिलाने खाट बाहेर टाकली. मी बसलो, ती मेथी निवडत होती. उद्या नाशिकची गाडी.
मी म्हणालो, बरा झालो की सगळं नीट होईल. ती हो म्हणाली. मग खाली बघतच, दूध किती घेऊ असं विचारावं तशा आवाजात म्हणाली, "अहो, तुमच्या ऑफिसात कधी काही काम पडलं, तर मी कोणाला भेटायचं?"
कसलं काम, असं मी विचारलं नाही.
धनसिंगचं नाव सांगितलं.