ओव्हनचे दोन कारभारी

प्रिय ठमे,

आधी बातमी: आमची चाचणी पास झाली! आता तू म्हणशील, फोन करायचा सोडून आईनं पत्र का लिहिलं? सांगते. जरा दम धर.

आमचा ऑसिलेटर म्हणजे काय, हे तुला ऐकवून ऐकवून मी वीट आणलाय, तरी पुन्हा ऐक. आत क्वार्ट्‌झचा क्रिस्टल असतो. तो ठरावीक ठेक्यात थरथरतो आणि त्या ठेक्यावर मोठमोठी यंत्रं वेळ राखतात. पण स्वारी भारी नाजूक. खोली जरा गार झाली की ठेका चुकला. म्हणून त्याला इवल्याशा ओव्हनमध्ये कायम एकसारखं ऊबदार ठेवायचं. हे काम माझ्याकडे आणि माझ्याच टेबलावरच्या सहकाऱ्यांकडे, तू ज्यांना 'डबीवाले' म्हणतेस त्यांच्याकडे. साहेबांनी या वेळी स्पष्टच बजावलं होतं की ओव्हन स्थिर झाला नाही तर हे टेबल बंद. मग आमची बदली: मी तपासणी विभागात, ते दुसऱ्या इमारतीत. तपासणीचं मला काही वाटलं नाही. दुसऱ्या इमारतीचं मात्र मनाला लागलं.

आणि ओव्हन काही केल्या ऐकेना. तापमानाचा आलेख नुसता वर-खाली. सर्किट बदललं, फोमचं जाड आवरण चढवलं, हीटरला मनसोक्त शिव्या घातल्या. उलगडा झाला तेव्हा मला हसू आवरेना. सकाळी आल्या आल्या ओव्हन जरा गार वाटला की तापमानाचा बारीक पेच मी किंचित पिळत होते, त्यांना पुन्हा जुळवायचा त्रास नको म्हणून. आणि मी घरी गेल्यावर ते तोच पेच उलटा पिळत होते, मला त्रास नको म्हणून! माझा चहा गार होऊ नये म्हणून त्यावर बशी झाकून ठेवणारा माणूस, दुसरं काय करणार?

मग पेचावर लाखेचा ठिपका लावला. आता कुणी हात लावायचा नाही. आलेख निवळला, पण एसी वाढवला की अजून घसरायचाच. तेव्हा त्यांना सुचलं, सेन्सर आपण हीटरला चिकटवलाय. तो हीटरचीच खुशाली कळवतो, क्रिस्टलला कुणी विचारतच नाही. सेन्सर उचलून क्रिस्टलच्या अगदी कुशीत बसवला आणि हीटरला जरा सबुरीनं तापायला लावलं. काल साहेबांनी ऑसिलेटर चाचणीच्या बंद चेंबरमध्ये ठेवला, चेंबर गार केला, तापवला, पुन्हा गार केला. आलेखाची रेघ जागची हलली नाही. साहेब चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत होते. मी तर टाळ्याच पिटल्या, या वयात.

टेबल वाचलं, ठमे. खाली उतरताना जिन्यातच त्यांनी मला विचारलं आणि मी हो म्हटलं. आम्ही लग्न करतोय. तुझे बाबा गेल्यानंतर मी इतकी खूश कधीच नव्हते. फोनवर तू एकदम गप्प झाली असतीस तर मला सोसवलं नसतं, म्हणून हे पत्र. रागव, हस, काय वाटेल ते कर, पण ये. आणि खरी गंमत ऐक. नवरा-बायकोनं एका टेबलावर काम करायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. एवढा आटापिटा करून शेवटी एकाला दुसऱ्या इमारतीत जावं लागणारच होतं. आज सकाळी ते आपली खुर्ची स्वतःच उचलून निघाले, चक्क शीळ घालत.

तुझीच, आणि आता थोडी त्यांचीही,
आई