दारचा पेरू

हसनाबाद. मार्गशीर्षातला सोमवार, १९५५

आज सांगून टाकलं बाई एकदाचं! मळ्यातले पेरू नुसते लगडलेत. भाजी झाली, कोशिंबीर झाली, तरी टोपली सरत न्हाई. दारच्या झाडाला मात्र फक्त पाला. हिरवागार, अन् फळ एक न्हाई.

उन्हाळ्यात ह्यांनी सगळ्या झाडांचं पाणी तोडलं होतं. ताण बसला, पानं गळली, की मंग पावसात बहर चांगला धरतो. घरात सक्त ताकीद दिलेली, थेंबभरसुद्धा घालायचं न्हाई. पण दारचं झाड माना टाकून राह्यलेलं, मला बघवेना. रोज सकाळी गुपचूप तांब्याभर ओतायचे. पण तांब्याभर पाण्यानं एवढा पाला?

आज हे कुऱ्हाड घेऊन दारच्या पेरूकडे निघाले. "फुकट जागा अडवून राह्यला हा जांब!"

मी आडवी गेले. "अहो, चूक माझी. रोज तांब्याभर पाणी मीच घातलं."

ह्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली, कान खाजवला. "सकाळी तू? मंग दिवेलागणीची बादली माझी."

ताकीद देणारे हेच! आम्हाला हसू आवरेना, तेवढ्यात आतून सासूबाई म्हणाल्या, "आन् दुपारची घागर कोणाची, ते न्हाई इचारलं?"