कान कोरे, कूलर बंद

१० जानेवारी

सकाळी पंक्याचा फोन. गांधीबागेतल्या दुकानातून, मागे कुणीतरी अस्तराचा भाव विचारत होतं. "बसली आहेस नं? बसून ऐक. 'कोळसा'चा नवा अल्बम येऊन राहिला. नाव 'भुयार'. मार्चमध्ये." मी ओट्याशी उभी, हात कणकेत. तशीच किंचाळले. आई आतून, "काय झालं वं? पाल पडली का?"

पहिला अल्बम आला तेव्हा मी आणि पंक्या कॉलेजात होतो. आता मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, तो बापाचं कापडाचं दुकान बघतो. मला चष्मा लागला, त्याचे केस गेले. नागपूरचा मेटल बँड, मराठीत गाणारा, एकच अल्बम काढून गप्प बसलेला. त्याची वाट बघत आम्ही थोडेसे लोक शिल्लक आहोत. स्वतःला राखड म्हणवतो. कोळसा जळला की उरते ती.

आणि खरी बातमी पुढेच. पुढच्या रविवारी, अठराला, बेसा रोडवरच्या मंगल कार्यालयात कोरस रेकॉर्ड होणार, ओरडायला चाहते हवेत. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. काळा टी-शर्ट आजच इस्त्री करून ठेवला.

१८ जानेवारी, रविवार

काय दिवस. सगळं लिहून ठेवते.

घरात झुरळांचं औषध मारलं होतं, म्हणून आईला सोबत न्यावं लागलं. आम्ही सगळे काळ्या कपड्यांत, आई मोतिया रंगाच्या साडीत, मांडीवर संत्र्यांची थैली. कार्यालयात आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं तशीच. 'शुभविवाह'च्या पाटीखाली ड्रमचा सेट. आईने ड्रमवाल्याला विचारलं, "बाबू, हे एवढं बदडते तं हात नाही दुखत?" त्याला तीन संत्री सोलून दिली. तो खात बसला.

फोन सगळ्यांचे काढून एका परातीत ठेवले. मग सुबोधने (गायक. यापुढे सु.) गाणं समजावलं. सावनेरकडच्या खाणीत एक माणूस अडकलाय. आपण सगळे ओरडतो, वाद्यं थांबतात, तो खालून हाक मारतो, "वर कोणी आहे का?" आणि मग काही नाही. शांतता. कोणी उत्तर देत नाही. मग गिटार कोसळते. "त्या शांततेसाठीच हे गाणं आहे," सु. म्हणाला. "श्वाससुद्धा जपून." अंगावर काटा आला. इतकी वर्षं वाट बघितली ती याच्यासाठी, वाटलं.

पहिली वेळ. ओरडलो. थांबलो. सु.ने गळ्याच्या शिरा ताणून हाक मारली, "वर कोणी आहे का?"

आणि मागच्या खुर्चीवरून आई, कार्यालय दणाणून सोडत: "ओऽऽ! आहो नं बापा! इथंच आहो!"

हसण्याचा नुसता कल्लोळ. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या वेळी तिचा हात धरून बसले. हाक आली. आई, "ओऽऽ!" यावेळी आखूड, पण दिलीच. मी दात-ओठ खात, "आई, गप्प राहायचंय." तर म्हणते, "हाक आल्यावर ओ नाही द्यायची? असं कुठी असते का वं?"

तिसऱ्या वेळी पंक्याने नेमक्या क्षणी तिच्या तोंडात संत्र्याची फोड घातली. शांतता मिळाली.

निघताना सु. आईजवळ आला. "काकू, गाव कोणतं?" "काटोलकडलं." एवढंच. हसला आणि तारा गुंडाळायला गेला.

१९ जानेवारी

राखडच्या ग्रुपवर भांडण. कुणी म्हणतो काकूंचा 'ओ' राहू द्या, कुणी म्हणतो गाण्याची वाट लागेल. मी स्पष्ट लिहिलं: शांतताच हवी. आई माझी असली तरी गाणं गाणं आहे. पंक्याने लगेच होकाराचा अंगठा टाकला.

आई मात्र खूश. बिल्डिंगभर सांगून आली की तिचं गाणं येणार आहे.

संध्याकाळी पोहे खाताना विचारलं, दुसऱ्यांदा सांगूनही का ओरडलीस? म्हणाली, गावी संत्र्याच्या बगिच्यात बाबा पार त्या टोकाला असायचे, झाडांमुळे दिसायचे नाहीत. ती बांधावरून हाक मारायची. "तिकडून ओ आली तं मानूस बरा आहे. नाही आली तं सगळं टाकून धावायचं. साप चावला का, विहिरीत पडला का, काय माहीत. म्हणून ओ देऊनच टाकाची. हाक मारणारा उगाच धावत येते नाही तं."

बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, आणि हे मला माहीतच नव्हतं. पण मत तेच. शांतता.

७ फेब्रुवारी

बँडने काल अल्बमच्या झलकेची झलक टाकली. काळा पडदा, एक ठोका, संपलं, असं ग्रुपवर म्हणतात. नमनाला घडाभर तेल. मी लावणार तोच पंक्याने हातातून फोन हिसकावला. कोरे कान!

आमचा नियम जुना आहे. अल्बम येईपर्यंत त्यातलं काहीही ऐकायचं नाही. आला की दोघांनी मिळून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बोलायचं नाही, गाणं मागे न्यायचं नाही, त्या दिवशी दुसऱ्यांदा लावायचं नाही. पहिला अल्बम असाच ऐकला होता, पंक्याच्या गोदामात कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये बसून. तिथं आवाज इतका छान लागतो की स्टुडिओवाल्यांनी येऊन बघावं.

२१ फेब्रुवारी

आईच्या गळ्याची गाठ. किती वर्षं 'असू दे' म्हणत आलो. आता गिळताना अडतं म्हणून दाखवली. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, पण काढावी लागेल. मग पेन फिरवत म्हणाले, आवाजाची नस तिथूनच जाते. आम्ही जपू. पण नंतर आवाज बसू शकतो. येतो परत बहुतेकांचा. तोच येईल असं मात्र...

मग चिठ्ठीवर तारीख लिहिली.

आई रिक्षात, "गेला तं गेला. भाजीवाल्याले हात दाखवीन." रिक्षावाला हसला. मी नाही.

१४ मार्च

अल्बम पुढे ढकलला. म्हणे मिक्सिंग बाकी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. एरवी मी ग्रुपवर आकाशपाताळ एक केलं असतं. आज वाटलं बरं झालं. मंगळवारी ऑपरेशन.

१८ मार्च

काल झालं. नीट झालं. गाठ साधीच होती. देवा.

आईने डोळे उघडले, काहीतरी म्हणाली. नुसती हवा आली.

२ एप्रिल

घरी येऊन बरेच दिवस झाले. जेवते, फिरते, टीव्हीवरच्या बायकांवर डोळ्यांनी रागावते. बोलते ते कुजबुज, तेही कानाजवळ गेलं तर. मला बोलवायचं असलं की चमचा वाटीवर वाजवते. एकदा म्हणजे ये. दोनदा म्हणजे लवकर ये. सारखी वाजली की मालिका सुरू झाली.

खालून देशकर काकूंनी हाक मारली, "अवं, आहेस का वर?" आई गॅलरीपर्यंत गेली, तोंड उघडलं, आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मीच ओ दिली. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

११ एप्रिल

अल्बममधलं एक गाणं बाजारात आलं आणि माझी धावपळ सुरू. स्टाफरूममध्ये फिजिक्सच्या सरांनी मोठ्या कौतुकाने फोन पुढे केला, "मॅडम, तुमचा बँड!" मी कानात बोटं घालून व्हरांड्यात पळाले. मुलं बघत राहिली. म्हणत असतील, मॅडम अशी, तर आपल्या बारावीचं काय होणार.

पंक्या दुकानात कानात कापूस घालून बसतो. गिऱ्हाईक सुती मागतं, हा रेशमी दाखवतो.

१९ एप्रिल

आज एक चमत्कारिक काम करायला बसले होते. आईचा आवाज शोधत होते फोनमध्ये. व्हिडिओ पुष्कळ आहेत. सगळ्यांत ती एवढंच म्हणते: "बंद कर वं ते." एकातही ती ओ नाही. ती फक्त त्या मंगल कार्यालयात झाली, आणि आमचे फोन परातीत होते.

म्हणजे ती आता एकाच ठिकाणी आहे. सु.कडे. ठेवली असेल तर.

त्याला मेसेज लिहिला. 'कोणता टेक ठेवला?' मग खोडला. पुन्हा लिहिला. पंक्या तेवढ्यात आंबे घेऊन आला, वाचलं. वाटलं, चिडेल. म्हणाला, "विचारू नको नं. कोरे कान म्हंजे कोरे. आणि त्यानं नाही म्हटलं तं? मग अल्बम येईपर्यंत काय करशील?" मग आईकडे बघून, "मी ती फोड काहून घातली काकूच्या तोंडात, यार." आईने त्याच्या टकलावर चापट मारली.

जानेवारीत मीच शांततेच्या बाजूने भांडले. आता सरळ लिहिते: मला आईचा आवाज हवा आहे त्या गाण्यात. गाण्याचं काय व्हायचं ते होऊ दे.

४ मे

तारीख आली. पंधरा मे, दुपारी. यावेळी नक्की म्हणतात.

डॉक्टरकडे जाऊन आलो. नस ठीक आहे, घाई करू नका. रोजचे व्यायाम दिलेत: आ, ई, ऊ. आई ते करत नाही. "कुकुरमुंड्यावानी काय आ-ऊ करत बसू," असं कानात येऊन कुजबुजली. म्हटलं हा शब्द कुठला? तिलाही माहीत नाही. आत्ताच तयार केला म्हणे. दोघी पोट दुखेपर्यंत हसलो, तिची हसण्याची नुसती फुसफुस. बरं वाटलं.

१२ मे

लग्नसराई. पंक्याचं गोदाम छतापर्यंत भरलेलं, बसायला जागा नाही. म्हणून ऐकायचं आमच्याकडे, मनीषनगरला. अडचण एकच: कूलर. तो चालू असला की ढगफुटीतही काही ऐकू येणार नाही, आणि बाहेर असं ऊन की कावळा झाडावरून हलत नाही. पंक्याशी चर्चा. ठरलं: कूलर बंद. अल्बम संपेपर्यंत. मेलो तर राखडच व्हायचंय.

आईला म्हटलं, तू आतल्या खोलीत पंख्याखाली पड. तिने वाटी दोनदा वाजवली. मग कुजबुजली, "माझं गाणं आहे नं."

१५ मे, शुक्रवार

पंक्या भावाला गल्ल्यावर बसवून आला, सोबत सासूकडून उचलून आणलेले मोठे स्पीकर. पन्हं करून ठेवलं होतं. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, कूलर बंद केला. कूलर थांबल्यावर घर एकदम परकं वाटलं. आई मधल्या खुर्चीवर, तीच मोतिया साडी. मुद्दाम नेसली होती.

लावलं.

काय सांगू. जुने झाले नाहीत ते. ड्रमवाल्याचे हात अजून दुखत नाहीत. दुसऱ्या गाण्याला पंक्याने डोळे मिटले, तिसऱ्याला मी. घाम पाठीवरून वाहत होता. इतकी वर्षं थांबलो त्याचं सोनं झालं.

मग ते गाणं. आमचा कोरस आला, मंगल कार्यालयातला, आमचेच आवाज. मी आईकडे बघत होते, पंक्या जमिनीकडे. वाद्यं थांबली. सु.ची हाक आली, खूप खोलातून:

"वर कोणी आहे का?"

"ओऽऽ!"

आई. खुर्चीतून अर्धी उठलेली. आवाज फुटका, मध्येच चिरलेला, पहिल्यासारखा नाही. पण आवाज. कुजबुज नाही, हवा नाही. "आहो नं बापा," आणि पुढचं खोकल्यात गेलं.

तोवर गिटार कोसळली होती.

रेकॉर्डवर शांतता होती की आई होती, मलाही कळलं नाही, पंक्यालाही नाही. दोघेही हिच्याकडेच बघत होतो. माझा हात फोनकडे गेला, मागे न्यायला. पंक्याने मनगट धरलं. त्याचे डोळे भरलेले, नाक लाल. मान हलवली, नाही. अजून गाणी बाकी होती. आईला पाणी दिलं, तिचा हात घट्ट धरला आणि उरलेला अल्बम ऐकला. शप्पथ सांगते, त्यातलं मला काही आठवत नाही. आनंदाने रडत होते.

संपल्यावर कूलर लावला. पंक्या पन्हं पिऊन, स्पीकर उचलून गेला. जिन्यातून म्हणाला, "उद्या ये दुकानात. तिथंच कुठंतरी बसून दुसऱ्यांदा ऐकू. तोवर हात नको लावू, समजलं नं?"

आई थोडी बोलतेय. दोन शब्द आवाजाचे, मग हवा, मग पुन्हा एखादा आवाजाचा. आत्ता जवळ येऊन बसली. म्हणते, "लाव नं वं पुन्हा. त्या पोराले कोणी ओ देल्ली का नाही, पाहू दे."

म्हटलं, उद्या. आणि ओ तर तू दिलीस नं.

"हाव," म्हणाली. "पण मी इथून देल्ली. त्याले तिथं खाली ऐकू गेली पाहिजे नं."