मार्पेसाला निदान विचारलं होतं

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५
शनिवारी लिहिलं ते चूक. गावी देवीला कौल लावला, डावी पाकळी पडली, देवीने अंशच्या स्थळाला नकार दिला, मी सुटले — असं लिहून बसले! व्हिडिओ कॉलवर पाकळी आमच्या डाव्या हाताला पडली होती. पण कौलात हात देवीचा धरतात. तिचा तो उजवा. म्हणजे होकार. गुरव बोलायच्या आत कॉल तुटला आणि आई, बाबा आणि मी, आम्ही तिघांनी इथे शारजात बसून सगळं उलटं वाचलं. आज गावाहून रामचंद्रकाकांनी फोन करून चूक सांगितली. आईने लगेच शिरा केला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
शिरा खाल्ला नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
अंश वाईट असता तर सोपं होतं. डॉक्टर, देखणा, इथल्या महाराष्ट्र मंडळात गायला लागला की बायकांचे चहा गार होतात. लतिकामावशी म्हणते, साक्षात देव आहे. त्याचं माझ्यावर प्रेमही आहे — खोटं कशाला लिहू? पण त्याच्यासमोर मी सारखी परीक्षेला बसल्यासारखी असते. मिथुन मात्र मला भेटायला दूर रुवैसच्या रिफायनरीतून कंपनीच्या बसने येतो, दमलेला, बोलता बोलता बाकावरच पेंगतो. मला त्याच्या शेजारी म्हातारं व्हायचंय.

रविवार, ९ नोव्हेंबर
मंडळाच्या मराठी वर्गात मुलांना मार्पेसाची ग्रीक गोष्ट सांगितली. तिच्यासाठी अपोलो देव आणि इडास नावाचा माणूस भांडले. देवांच्या राजाने, झ्यूसने, भांडण थांबवलं आणि तिलाच विचारलं, कोण हवा? तिने इडास निवडला. देव म्हातारा होणार नाही, मी होईन, मग तो मला टाकेल, म्हणाली.
छोटी मिहिका वैतागली. “बट ही इज अ गॉड!”
“म्हणूनच,” मी म्हटलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
आईला सांगितलं, मला अंश नको, मिथुन हवाय.
“देवीने कौल दिलाय. त्यावर तू कोण गं?”
“मार्पेसाला देवांच्या राजाने विचारलं होतं, आई. मला तुम्ही कोणीच विचारलं नाहीत.”
चौथीपर्यंत मी घरीच शिकले, आईकडे. ही गोष्टही तिचीच. ती बराच वेळ गॅस पुसत राहिली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
मिथुनला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, “देवीनेच सांगितलंय तर मी मध्ये कसा येऊ?”
इडास निदान देवाशी भांडला होता.
रडले. मग कौलानंतर अंशच्या आईने पाठवलेली साखरपुड्याची साडी घडी करून पिशवीत घातली. ती अंशच्या घरी परत द्यायची, आणि नाही म्हणायचं. कोणा दुसऱ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. मी एकटीच जाणार — शनिवार, १५ नोव्हेंबर.