तव्यावरच्या पेट्या

प्रिय दादा,

उद्या कामठीच्या सुताच्या गोदामात आगीची वर्दी देणाऱ्या नव्या पेट्या बसवायच्या आहेत. आज सकाळी घरात जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला जाता येणार नाही.

आठवतं ना? सक्करदऱ्याच्या घरात, समोरच्या खोलीत आपण पहिल्या पेट्या बनवल्या. छताला लावायच्या, बिनतारी. उष्णता वाढली की फाटकावरच्या भोंग्याला निरोप. बॅटरी वाचावी म्हणून तू सगळ्या झोपवून ठेवल्यास आणि ठरावीक वेळानं सगळ्या एकाच क्षणी जाग्या होतील असं केलंस. मी म्हणाले, जाग आल्यावर आधी दुसरं कुणी बोलतंय का ते ऐकू दे. बोलत असेल तर प्रत्येकीनं वेगवेगळा वेळ थांबावं.

"आग लागल्यावर नंबर लावू काय वं?" म्हणालास, आणि हातातला पाना फेकलास. माझ्या कानाजवळून गेला.

इतका कसला राग होता तुला?

मग मेणबत्ती धरून एकेक पेटी तपासलीस. प्रत्येक वेळी भोंगा वाजला. एकेकच का तपासलीस, दादा?

गोदामातलं सूत भडकलं तेव्हा तू तिथल्या आतल्या खोलीत शिडीवर बॅटऱ्या बदलत होतास. सगळ्या पेट्या एकदम ओरडल्या. निरोप एकमेकांवर आदळून फुटले. पुन्हा ओरडल्या, तेही एकदमच. भोंगा गप्प राहिला. छत कोसळलं. तुला आम्ही घड्याळावरून ओळखलं.

उरलेल्या पेट्या मी घरी आणल्या, तव्यावर एकत्र तापवल्या. एकही निरोप धड पोचला नाही. आईनं पाहिलं, वरवंटा उचलला आणि एकेक पेटी फोडली. बोटातून रक्त आलं तरी थांबली नाही.

"यायनं माह्या पोराले खाल्लं," म्हणाली. त्यानंतर घरात पेटी दिसली की फोडायची. म्हणून आधी ऐकून थांबणाऱ्या नव्या पेट्या मी शेजाऱ्यांच्या घरी लपून बनवल्या. आज सकाळी माझ्या पिशवीत तिला त्या भोंग्यासकट सापडल्या.

मला वाटलं, वरवंटा घेईल. तिनं तवा ठेवला, सगळ्या पेट्या त्यावर ओतल्या आणि गॅस पेटवला.

भोंगा वाजला. एकामागून एक, सगळ्यांचे निरोप पोचले. ह्या एकमेकींसाठी थांबतात, मी आईला म्हणाले.

"किती वेळ थांबल्या ह्या?" तिनं विचारलं.

डोळ्याची पापणी लवते तेवढा, मी सांगितलं.

"एवढंच थांबाचं होतं त्याले?"

तिनं तवा उचलून तुझ्या फोटोवर फेकला. काच फुटली. तुझ्या गालावर काळा डाग पडला आहे. ती पुसू देत नाही. मीही पुसणार नाही.

मग तिनं काचा गोळा केल्या, पेट्या पिशवीत भरल्या आणि पिशवी माझ्याकडे दिली.

उद्या गोदाम रिकामं करून, दारं उघडी ठेवून मी सगळ्या पेट्या एकदम तापवीन. एकीचाही निरोप हरवला तर सगळ्या काढून परत आणीन. आणि बॅटरी बदलायला आत कुणालाही एकटं जाऊ देणार नाही.

तुझ्यावर अजून चिडलेली,
मीनू